सायकलचं असं कोणतं काम, जे नुसतं आठवलं तरी कंटाळा येतो?

चेनकव्हर
आज माळा आवरताना जुना डालड्याचा डबा उघडला आणि रॉकेल-ग्रीसचा तो वास आला. झालं, सायकलची तुंबलेली सगळी कामं आठवली. नागपुरात मे महिन्यात ग्रीस सुकतं, जूनपासून काळी माती मडगार्डात सिमेंटसारखी बसते, म्हणजे सुट्टी नाहीच. तुम्हाला सगळ्यात नकोसं काम कोणतं आणि ते उरकता कसं? पडलो-झडलोचे किस्से नकोत, पद्धत सांगा.

माझं: चेन धुणं. क्विक लिंक (चेनची हाताने सुटणारी कडी) काढा, चेन रुंद तोंडाच्या बाटलीत, वर बुडेल इतकं डिझेल, दोन मिनिटं हलवा. गाळ खाली बसला की वरचं नितळ डिझेल दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवा, पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. नंतर साबणाचं गरम पाणी हवंच. डिझेलचा थर आत राहिला तर नवं तेल पातळ होऊन जातं. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर एकच थेंब, तोही आतल्या बाजूने. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरून कोरडी पुसा. लोक हे पुसणंच टाळतात, आणि बाहेर राहिलेलं तेल धूळ ओढतं.

धुतलीच आहे तर मोजूनही घ्या. स्टीलच्या पट्टीवर पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. ११ गिअरवाल्या चेनमध्ये ३०६.३ च्या पुढे गेलं की बदला, नाहीतर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संचही जातो.

बाभूळकाटा
मागच्या चाकाचं पंक्चर. बाकी सगळं त्यानंतर.
चाक काढण्याआधी गिअर सगळ्यात लहान चक्रीवर आणा, निम्मी कटकट तिथेच संपते. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉलसमोर (हवा भरायच्या नळीसमोर) ठेवायचं. मग ट्यूबमधल्या भोकावरून टायरमध्ये काटा कुठे आहे ते लगेच कळतं. गोरेवाड्याकडचे बाभळीचे काटे बाहेरून दिसत नाहीत, टोक आत तुटून राहतं. टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा.
भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर काटा शोधू नका, रिमटेप (आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी) सरकलीय. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली.

तर्री जास्त
आणि फुटाळ्यावर रविवारी पंक्चर झालं की पोहे थंड होतात, हे राहिलं भाऊ 😄

बाभूळकाटा
@तर्री जास्त, पोहे थंड झाले तरी चालतील, सोल्युशन वाळू द्या! ओल्या सोल्युशनवर पॅच लावणं हीच मुख्य चूक. पॉलिश पेपरने घासा, पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबा.

उलटा आटा
तुम्ही सगळे गिअरवाले दिसून राहिले. २८ इंची साध्या सायकलची कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या आसाला पकडून ठेवणारी खीळ, काढली काय कधी?

नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाला समतल येईपर्यंतच सैल करायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लोखंडी पाइपचा जाड तुकडा उभा टेकवा आणि वरून एकच दणदणीत ठोका. आधार न देता दहा हलके ठोके मारले तर पिन वाकते आणि हातोड्याचा मार आसाच्या छर्ऱ्यांवर जातो, ते बसतात त्या कपात खळगे पडतात. नवीन पिना दोन्हीकडे उलटसुलट दिशेने टाका. दोन्ही एकाच दिशेने टाकल्या तर पायडलं एका रेषेत येत नाहीत, आणि माणूस क्रँक वाकला म्हणत बसतो.
छर्रे पाव इंची, एका बाजूला ११. कपात ग्रीस भरून त्यातच चिकटवा, नाहीतर अर्धे फरशीवर. उजव्या कपाचे आटे उलटे असतात. डाव्या पायडलचेही.

पेठेतून
डाव्या पायडलचे काहून उलटे? दोन दिवसांपासून नेहमीच्या बाजूने फिरवून राहिलो, हलेच ना 🤦

उलटा आटा
अरे बाप्पा. दोन दिवस आवळलंत तुम्ही ते. दोन्ही पायडलं सुटताना मागच्या चाकाच्या दिशेने फिरतात, एवढं धरून ठेवा: १५ नंबरचा पाना वर उभा धरा आणि मागे ढकला. आटे असे असतात कारण चालवताना पायडलचा आस हळूहळू विरुद्ध दिशेने सरकतो, सरळ आटे असते तर डावं पायडल आपोआप सुटलं असतं. आता आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा. बसवताना ग्रीस विसरू नका.

चाळीस आरे
आउट काढणं, म्हणजे डोलणारं चाक सरळ करणं. पुढे ३२, मागे ४० आरे, आणि एक आवळला की दुसरीकडे चाक डोलतं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नाही. चाक डावीकडे घासत असेल तर तिथले उजव्या बाजूचे आरे पाव फेरा आवळा, डावीकडचे तेवढेच सैल करा. टायरच्या बाजूने बघितलं तर निपल (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा नट) घड्याळाच्या दिशेने आवळतो, खालून बघितलं की डोकं फिरतं. पावसाळ्यानंतर करत असाल तर आदल्या दिवशी प्रत्येक निपलवर तेलाचा थेंब, नाहीतर निपल गोल होतो. मग आरा कापण्याशिवाय इलाज नाही.

सीलंटग्रस्त
ट्यूबलेसवाले कोणी आहे का इथे? मला सांत्वन पाहिजे. टायरमधून वाळलेलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं पातळ रबर) सोलणं म्हणजे सायीचा पापुद्रा काढणं, फक्त साय तीन वर्षांची.
डब्यावर काहीही लिहिलेलं असो, इथल्या उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी बघा. वॉलचा गाभा काढून बारीक काडी आत घाला, ओली नाही आली तर भर घालायची वेळ झाली. २.२ इंची टायरला साधारण १०० मिली.

तर्री जास्त
उन्हात हवा कमी भरावी का? टायर फुटतो म्हणतात.

चेनकव्हर
@तर्री जास्त, सकाळी २८ अंशांना १०० पीएसआय भरली आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला तरी ११२ च्या आसपास जाते. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या काठाला भरत असाल तर दहा-पंधरा कमी भरा. एरवी हवा कमी करून काटे आणि खड्डे यांना आमंत्रण नको. उन्हात फुटतात ते बहुतेक आधीच भेगाळलेले टायर, किंवा कड नीट न बसलेले.

घंटी नाही
डिस्क ब्रेक कोणीच लिहिले नाहीत. तेल बदलताना एकच बघा: शिमानोला मिनरल ऑइल. डॉट फ्लुइडवाल्या (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल लागणाऱ्या) ब्रेकमध्ये ते गेलं, किंवा उलट झालं, तर आतली रबरं फुगतात. आणि वरचं चेन-पुराण वाचून स्प्रेचं तेल मारणाऱ्यांनो, डिस्क आधी झाका. पॅडने तेल प्यायलं की तो बहुधा गेलाच, गॅसवर भाजायचे उद्योग करू नका.

पेठेतून
सुटलं!! मागे ढकललं आणि सुटलं. उलटा आटा भाऊ 🙏 आता ते घाण डिझेल कुठे टाकू? मोरीत नको म्हणतात घरी.

चेनकव्हर
बरोबर म्हणतात. बाटलीत साठवा आणि गाडीचं ऑइल बदलणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, जळक्या तेलाच्या पिंपात घेतात बरेचदा.

तर्री जास्त
पेठेतून, मग रविवारी फुटाळा? एक ज्यादा ट्यूब आणजो.