आयर्न सेट बदलू का? दोन्ही सेटचे लाँच मॉनिटरचे (बॉल कसा उडाला ते मोजणारं मशीन) आकडे आहेत, कसे वाचायचे सांगा (मदत हवी आहे)

माहुली संगम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितोय. गोल्फवाले इथं मोजकेच आहेत पण जे आहेत ते मनापासून उत्तर देतात म्हणून इथंच विचारतो, पोस्ट लांबणार आहे त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे टायटलिस्ट टी१०० आयर्न्स (लोखंडी डोक्याचे क्लब) आहेत, ४ पासून पिचिंग वेजपर्यंत, जड स्टील शाफ्ट (दांडा). पुण्याचा एक मित्र त्याचा टेलरमेड पी७९० चा सेट काढतोय (२०२१ चं मॉडेल, तेच ४ ते पिचिंग वेज), दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी त्यानं मला विचारलंय. सेकंडहँड असला तरी रक्कम मोठी आहे, घरात विषय काढायच्या आधी माझं मला पटलं पाहिजे. हँडिकॅप १६ (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). खेळायला पुण्याला जावं लागतं, महिन्यात जमेल तसं. बाकी सराव कोरेगाव रोडच्या आमच्या रानात, सोयाबीन निघालं की वावर मोकळं असतं तोवर. आण्णा फौजेत होते, कँटोन्मेंटच्या कोर्सवर त्यांनी हातात क्लब दिला तेव्हापासूनचा हा नाद आहे आणि तो मला नीट, विचार करून करायचा आहे.

तर पुण्यात एका सिम्युलेटरवर मित्राला घेऊन गेलो आणि दोन्ही सेटचे ७ नंबर मारून बघितले. मशीन कॅमेऱ्याचं होतं, प्रत्येकाचे वीसेक शॉट. सरासरी अशी आली:

टी१०० चा ७: क्लब स्पीड ८०, बॉल स्पीड १०७ (दोन्ही ताशी मैल), लाँच (बॉल निघतानाचा कोन) १८.५ अंश, स्पिन (मिनिटाला फिरक्या) ६७००, कॅरी (जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर) १४६ यार्ड, लँडिंग अँगल (उतरतानाचा कोन) ४६.

पी७९० चा ७: क्लब स्पीड ८१, बॉल स्पीड ११३, लाँच १६.८, स्पिन ५३००, कॅरी १६२, लँडिंग अँगल ४४.

आता १६ यार्ड म्हणजे दीड क्लब झाला, मित्र म्हणतो अजून काय बघायचं. पण मला तसं वाटत नाही. एकतर लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) वेगळे आहेत, कंपनीच्या चार्टप्रमाणे टी१०० चा ७ हा ३४ अंशांचा आणि पी७९० चा ३०.५ चा, म्हणजे नंबर एकच पण क्लब एकच नाही. दुसरं म्हणजे पी७९० चे बहुतेक शॉट १५८ ते १६६ मध्ये होते पण मधेच दोन-तीन एकदम १७४-१७६ गेले आणि त्यांचा स्पिन ४२०० च्या आसपास. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) मागं तळं असेल तर हा शॉट मला नकोय. टी१०० मध्ये अशी उडी नाही पण टोला जरा टोकाकडं लागला की १३३ वर येऊन पडतो.

अजून एक गोंधळ. माझ्याकडे गार्मिनचं आर१० (छोटं लाँच मॉनिटर) आहे, ते रानात लावून मारलं तर दोन्हीच्या स्पिनमध्ये फारसा फरकच दाखवत नाही, बॉल स्पीडचा फरक मात्र दाखवतं. मग खरं कुणाचं धरायचं?

प्रश्न एवढेच की तुलना कोणत्या आकड्यावर करायची, आणि त्या उड्या क्लबच्या आहेत का माझ्या?

पर्वती पायथा

दादा, लॉफ्ट तुम्ही बघितलाय हे निम्मं काम झालं. आता एक पायरी पुढं जा. तुमच्या टी१०० चा ६ नंबर ३० अंशांचा आहे. पी७९० च्या ७ ची तुलना त्याच्याशी करा, तुमच्याच ७ शी नाही. सरळ साधी गोष्ट आहे पण दुकानात कुणी करून दाखवत नाही कारण मग "एक क्लब जास्त" हे वाक्य निम्मं गळून पडतं.

कॅरीच्या मागं फार लागू नका. ट्रॅकमॅनने (लाँच मॉनिटर बनवणारी कंपनी) टूरच्या सरासरीचा जो जुना तक्ता प्रसिद्ध केलाय त्यात एलपीजीएच्या (महिला व्यावसायिकांची टूर) खेळाडूंचा ७ नंबर १४१ यार्ड कॅरी आहे, लँडिंग अँगल ४७. पीजीएवाल्यांचा (पुरुषांची टूर) १७२ आणि ५०. म्हणजे तुमच्यापेक्षा कमी अंतर मारून त्या बायका जगातल्या अव्वल स्पर्धा जिंकतात, कारण बॉल उभा उतरतो आणि थांबतो. साधारण ४५ च्या पुढं अँगल असेल तर ग्रीनवर थांबायची आशा ठेवायची. तुमचा ४४ काठावर आहे. पावसाळ्यात ग्रीन मऊ असतात तेव्हा चालून जाईल, एप्रिल-मे मध्ये कडक ग्रीनवर तोच शॉट ग्रीनच्या मागं पळेल.

मॅटचंही लक्षात घ्या. मॅटवर थोडं मागं लागलं तरी क्लब घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि आकडा बरा येतो, गवतावर तोच शॉट जमिनीत रुततो. शिवाय बॉल कोणता होता, रेंज बॉल (सरावाचा) का तुम्ही खेळता तो? स्पिनवर त्याचा फरक पडतो.

मिरज जंक्शन

मी गोल्फ थोडंच खेळतो पण कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, मोजमाप हा रोजचा धंदा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे पार्ट चांगला का वाईट हे ठरवायच्या आधी गेज आर अँड आर करतात, म्हणजे ज्यानं मोजतोय तेच किती हलतंय ते आधी बघायचं. तुमच्याकडे दोन गेज आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मग दोन्हीचे आकडे एका कागदावर लिहायचेच नाहीत. एका मशीनवरचे दोन क्लब एकमेकांशी लावा, विषय संपला.

आर१० रडार आहे, बॉल स्पीड आणि लाँच अँगल ते मोजतं, स्पिन बरंचसं गणितानं काढतं. त्यामुळं स्पिनचा निर्णय कॅमेऱ्यावर सोडा. रानात बॉल स्पीडचा फरक दिसला ना, तेवढा त्याच्याकडून घ्या.

आता शॉट कसे मारले ते सांगा. आधी सगळे टी१०० चे आणि मग सगळे पी७९० चे मारले असतील तर दुसऱ्याला अंग गरम झालेलं मिळतं नाहीतर दमलेलं मिळतं, दोन्ही चूकच. पाच याचे पाच त्याचे असं आलटून पालटून मारा. वाईट शॉट डिलीट करू नका, कोर्सवर डिलीटचं बटण नाही. फक्त सरासरीऐवजी सगळे कॅरी चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्या आणि खालून चौथा आणि वरून चौथा यांच्यात किती अंतर आहे ते बघा, तो पट्टा तुमचा खरा क्लब. एखादा १७६ सरासरी फुगवतो, मधल्या आकड्याला हलवत नाही.

उड्यांबद्दल: त्या शॉटचा लाँच अँगल बाकीच्यांपेक्षा वर होता का? लाँच वर आणि स्पिन खाली असेल तर फेस (क्लबचं तोंड) आणि बॉलमध्ये पकड कमी पडली, धूळ नाहीतर ओल असते. फेस पुसून मारा. आणि व्हाईटबोर्ड मार्करनं बॉलवर मोठा ठिपका काढून तो भाग फेसकडं ठेवा, कुठं लागला ते फेसवर उमटतं.

सिम्युलेटरमध्ये उंची काय सेट केलीय तेही विचारा. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, तिथं बॉल समुद्रसपाटीपेक्षा दोनेक टक्के जास्त जातो, १५० ला ३ यार्ड. दोन सेटच्या तुलनेत त्यानं काही बिघडत नाही पण हेच आकडे घेऊन कोर्सवर क्लब काढणार असाल तर बिघडतं.

दुष्काळी माणदेश

शाफ्टचं कुणीच बोललं नाही. पी७९० मधला शाफ्ट बहुतेक १०५ ग्रॅमच्या आसपासचा असणार, तुमचा जड आहे म्हणता. मग फरक हेडचा (क्लबच्या डोक्याचा) का शाफ्टचा? क्लब स्पीड एकच मैल वाढलाय त्यावरून वाटतं हेडचाच जास्त आहे, पण शेवटच्या होल्सना हात दमल्यावर हलका शाफ्ट वेगळा वागतो, तेही बघा. बाकी आण्णांना नमस्कार सांगा, आमच्याकडंही घरटी एक फौजी आहे.

माहुली संगम

सगळ्यांचे आभार, आण्णांनाही वाचून दाखवलं. मित्राला परत तयार केला आणि तुम्ही सांगितलं तसं केलं. मशीन तेच, बॉल आम्ही खेळतो तेच नेले, आलटून पालटून मारले, प्रत्येक शॉटला फेस पुसला. या वेळी टी१०० चा ६ आणि पी७९० चा ७ समोरासमोर ठेवला.

टी१०० चा ६: बॉल स्पीड १११, स्पिन ५९००, मधला कॅरी १५४, लँडिंग अँगल ४५.
पी७९० चा ७: बॉल स्पीड ११३, स्पिन ५४००, मधला कॅरी १६१, अँगल ४४.

म्हणजे १६ यार्डाचे ७ झाले! बाकीचं सगळं क्लबवर कोरलेल्या नंबरात होतं. फेस पुसल्यावर उड्या कमी झाल्या पण पूर्ण गेल्या नाहीत, एखादा १७२ गेलाच, आणि तो ठिपक्याप्रमाणं अगदी मधोमध लागलेला होता. मिरजवाल्या दादांच्या पट्ट्यानं बघितलं तर दोन्ही जवळपास सारखे, टी१०० खाली सांडतो, पी७९० वर सांडतो. ७ नंबरपुरतं बोलायचं तर माझं मत पक्कं झालं, मला खाली सांडणारा चालेल. ग्रीनच्या आधी पडलेला बॉल चिप करून वाचवता येतो, मागच्या उतारावरून खाली गेलेला माझ्याच्यानं नाही वाचत.

पण लांबच्या क्लबात चित्र उलटं आहे आणि तिथं मी अडकलोय. टी१०० चा ५ नीट लागला तर १६३ कॅरी, पण जरा टोकाला लागला की १४०. आणि तो माझ्या हातून नीट कमीच लागतो. पी७९० चा ६ मात्र वाईट लागूनही १५८ च्या खाली फारसा आला नाही. तिथं हा क्लब खरंच मदत करतोय, नुसतं अंतर नाही.

पर्वती पायथा

मग सेट कशाला बदलताय? दोन्ही चार्ट शेजारी ठेवा. टी१०० चा ५ नंबर २७ अंश आणि ४ नंबर २४. पी७९० चा ६ नंबर २६.५ आणि ५ नंबर २३.५. अर्ध्या अंशाच्या फरकानं बसतात. तुमचा ६ पासून पिचिंग वेजपर्यंतचा टी१०० तसाच ठेवा, त्याच्या वर पी७९० चे ६ आणि ५ टाका. असे मिसळलेले सेट कितीतरी चांगले खेळाडू वापरतात. बॅगेत दोन क्लबवर ६ लिहिलेलं असेल एवढंच, एकाला टेप लावा.

आणि पूर्ण सेट घेतला असतात तर अजून एक अडचण होती. पी७९० मध्ये पिचिंग वेज ४५, ९ नंबर ४०, ८ नंबर ३५ असं पाच-पाच अंशांनी जातं आणि वर ५ आणि ४ मध्ये फक्त अडीच अंश (२३.५ आणि २१). ८० च्या स्पीडला त्या दोघांच्या कॅरीत फरक जेमतेम पडेल, एक क्लब फुकट. खाली, जिथं नेमकं अंतर लागतं, तिथं मात्र मोठाल्या फटी. टी१०० मध्ये वेजपासून ६ पर्यंत चार-चार अंश आहेत, तुमचा तो भाग चांगला चाललाय, त्याला हात लावू नका.

मिरज जंक्शन

हेच बरोबर. फक्त घ्यायच्या आधी लांबी आणि शाफ्टचं वजन जुळवून घ्या. पी७९० चा ६ तुमच्या ५ च्या जागी येणार, पण ६ म्हणून तो लांबीला थोडा आखूड असेल. आखूड असला तर तुम्हाला मध्ये लागायला सोपाच जाईल, पण लाय अँगल (दांडा जमिनीशी करतो तो कोन) एकदा तपासा. मॅटवर नको, गवतावर. रानात आर१० लावून बॉल स्पीड बघितला तरी पुरेल.

माहुली संगम

हे माझ्या डोक्यात आलंच नसतं, मनापासून आभार. मित्राशी बोललो, तो सेट फोडायला तयार नाही आणि त्याचंही बरोबर आहे, दोन क्लब काढून दिले तर उरलेला कोण घेणार. त्याला सांगितलं की तू बिनधास्त दुसरं गिऱ्हाईक बघ.

त्यामुळं आता मागणी बदलतोय: कुणाकडे पी७९० चे (२०२१ चेच, लॉफ्ट जुळायला हवेत) सुटे ५ आणि ६ असतील, उजव्या हाताचे, स्टील शाफ्ट, तर कळवा. ग्रिप झिजलेली असली तरी चालेल, ती मी बदलून घेईन. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे कुठंही येऊन घेऊन जाईन, फक्त घ्यायच्या आधी गवतावर थोडे बॉल मारू द्या.