देवाचं ‘ऐकणे’ की ‘आज्ञापालन’? (आणि भरवसा का चालत नाही?)

काठावरची:
एका छोट्या ख्रिस्ती मासिकासाठी दर महिन्याला दोन-तीन पानांचं मनन इंग्रजीवरून मराठीत करून देते. या वेळच्या लेखात मी लिहिलं होतं, “भरवसा असलेला माणूस आधी देवाचं ऐकतो, कारणं त्याला मागाहून कळतात.” मुद्रितं परत आली तर ‘ऐकतो’वर लाल काट, वर ‘आज्ञापालन करतो’, आणि समासात शेरा: “ऐकणे कानाने होते. येथे कृती अपेक्षित आहे.”

मला हे पटलेलं नाही. ‘कार्टं अजिबात ऐकत नाही’ म्हणताना आपण त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. आणि ‘आज्ञापालन’ वाचलं की मला कवायतीचं मैदान दिसतं.

दुसरी अडचण. मूळ इंग्रजीत फेथ आणि ट्रस्ट एकाच वाक्यात आहेत. मी एकाला विश्वास आणि दुसऱ्याला भरवसा केलं. तेही काटून दोन्हीकडे विश्वास. आता वाक्य झालंय, “विश्वास म्हणजे देवावर विश्वास ठेवणे.” हे कुणाला छापावंसं वाटेल? मंगळवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे, जरा मदत करा.

कानामात्रा:
राग मानू नका, पण मुद्रितशोधकाचं बरोबर आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:२२) स्पष्ट बजावलंय की वचनाप्रमाणे करणारे व्हा, नुसते ऐकणारे होऊ नका. तिथे ऐकणं आणि करणं एकमेकांसमोर उभे केलेत. तुम्ही ‘ऐकणे’च करण्याच्या अर्थाने वापरलंत तर हे वाक्य कोसळतं. बोलीत काय वाट्टेल ते चालेल, छापताना शिस्त हवी.

काठावरची:
याकोबाचा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. पण प्रत्यय बघा ना. ‘वचन ऐकलं’ म्हणजे कानावर पडलं. ‘आईचं ऐकलं’ म्हणजे तिने सांगितलं तसं केलं. मध्ये ‘गाणं’ घाला, ‘आईचं गाणं ऐकलं’, की लगेच पुन्हा कानावर आलो. नुसत्या ‘चं’वर मराठी माणूस हा फरक करतो आणि कुणाचाही घोटाळा होत नाही.

मधलं पान:
वा, ‘चं’चा मुद्दा आवडला!

यात भर घालतो. जुना करार ज्या हिब्रूत आहे तिच्यात ‘शामा’ म्हणजे ऐकणे, आणि सांगितलेलं मानणे यालाही ‘शामा’च. शमुवेल संदेष्टा शौल राजाला सुनावतो ना, यज्ञापेक्षा आज्ञा मानणं बरं (१ शमुवेल १५:२२), तिथे मुळात हेच क्रियापद आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आज्ञा मानणे म्हणजे ‘हुपाकुओ’, त्यात ‘अकुओ’ म्हणजे ऐकणे. ज्याच्यावरून इंग्रजी ‘ओबे’ आला त्या लॅटिन शब्दाच्या पोटातही ‘औदिरे’, म्हणजे ऐकणेच. तेव्हा समासातला शेरा तीन भाषांना लागू करावा लागेल.

आणि लांब जायलाच नको. शुश्रूषा! श्रु धातूचं इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग सांगेल ते करणं, मग सेवा, आणि आज आपण आजाऱ्याची शुश्रूषा करतो. कानापासून निघून हातापर्यंत आलेला शब्द.

टोणगा:
शुश्रूषा लिहिताना पहिला शु ऱ्हस्व की दीर्घ यावर शाळेत छड्या खाल्ल्यात. आज कळलं की ऐकलं नाही म्हणून खाल्ल्या. 😄

कानामात्रा:
दोन्ही प्रकारे ‘ऐकलं नाही’च. असो. हिब्रूत काय आहे यावरून मराठी ठरत नाही, एवढंच म्हणतो. मराठीत आज्ञा हा शब्द आहे, तो वापरायला लाज कसली? फिलिप्पैकरांस पत्रात ख्रिस्ताचं वर्णन आहे, मरणापर्यंत आज्ञाधारक. तिथे ‘मरणापर्यंत ऐकणारा’ लिहून बघा.

जुनी वही:
आज्ञाधारक म्हटलं की मला रजेचा अर्ज आठवतो. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’, आणि वरती तापाचं खोटं कारण. शब्द गुळगुळीत झालाय तो यामुळे, त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

‘पाळणे’ला मात्र मी सोडणार नाही. आपण आज्ञा पाळतो, शब्द पाळतो, पथ्य पाळतो, आणि गाय-वासरूही पाळतो. लहानपणी याचं हसू यायचं, की आज्ञेला चारा घालायचा का? पुढे कळलं की हिब्रूत आज्ञा पाळण्यासाठी येणारा ‘शामर’ म्हणजे राखणे, सांभाळणे. एदेन बाग राखायला सांगितली तिथे तोच. भावाला मारून आलेला काइन देवाला उलटून विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथेही तोच. आज्ञा अशी रोज उठून बघावी लागते, जित्राबासारखी. ‘आज्ञापालन’ हा समास केला की यातली गाय निघून जाते आणि सरकारी परिपत्रक उरतं.

मधलं पान:
“गाय निघून जाते”. चोरणार आहे हे.

नवा पाहुणा:
माझा प्रश्न बाळबोध असेल. विश्वास आणि श्रद्धा यात फरक काय? आमच्या घरी प्रार्थनेत विश्वासच असतो. कॅथलिक मैत्रीण श्रद्धा म्हणते. वाचलं होतं की विश्वास म्हणजे ‘विशेष श्वास’. खरं का?

कानामात्रा:
असल्या व्युत्पत्त्या फॉरवर्डमध्येच शोभतात.

मधलं पान:
थांबा हो, या वेळी फॉरवर्ड फार चुकलेला नाही. ‘विशेष’ हे पदरचं, पण धातू श्वस् हाच. वि + श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा, आणि लॅटिन ‘क्रेडो’ (मी विश्वास ठेवतो) तिची सख्खी नातलग. म्हणून दोघींचं बरोबर आहे, पाहुणे. फरक सवयीचा. श्रद्धेला ‘अंध’ चिकटला, विश्वासाला ‘घात’. निष्कलंक कुणीच नाही.

काठावरची:
माझा भरवसा कुठे गेला?

कानामात्रा:
भरवसा शब्द चांगला आहे, पण भरवशाच्या म्हशीला काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मननात देवाच्या शेजारी ती म्हैस नको.

टोणगा:
माझ्या नावावर घसरलात म्हणून येणं भाग पडलं. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वाक्य काढा. विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा, न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. चर्चमध्ये वर्षानुवर्षं मोठ्याने वाचतात. म्हैस कुणालाच दिसलेली नाही.

जुनी वही:
+१. आणि नीतिसूत्रे ३:५ मध्ये तर ‘भाव ठेव’ आहे, ‘अगदी जिवेभावे परमेश्वरावर भाव ठेव’. ट्रस्टला याहून मराठी शब्द कुठे मिळणार? गोव्याकडच्या कोंकणी ख्रिस्ती बोलण्यात फेथला ‘भावार्थ’च म्हणतात.

याकोबच पुढे म्हणतो की भुतेही विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. म्हणजे देव आहे हे त्यांना मान्य आहे. भाव ठेवत नाहीत, एवढंच.

नवा पाहुणा:
पण आता ‘भाव’ म्हटलं की बाजारभाव. ‘देव भाव खातो’ असं वाचणार लोक.

जुनी वही:
देव भावाचा भुकेला हे किती पिढ्या म्हणतायत, कुणी दर विचारला नाही.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली निघालं. साध्या बायकांना वाचून कळावं ही त्यांची धडपड. स्वतः संस्कृतच्या पंडिता! आपण निदान भरवशाला तरी घाबरू नये.

पाणवठा:
उशिरा आलो. कुणी ‘विसंबणे’ कसं सुचवलं नाही? देवावर विसंबला. एका शब्दात काम.

काठावरची:
सुचला होता, पण घाबरले. ‘आई बाळाला क्षणभर विसंबत नाही’ यात विसंबणे म्हणजे नजरेआड करणे. मग ‘देवावर विसंबले’ म्हणजे टेकले की देवाला सोडून गेले?

पाणवठा:
‘वर’ आणि ‘ला’! तुमचाच ‘चं’वाला मुद्दा तुमच्यावर उलटला. देवावर विसंबलो, आणि देव आपल्याला विसंबत नाही. हे तर आयतं मनन आहे, मंगळवारी हेच द्या.

मधलं पान:
संस्कृतात विश्रंभ म्हणजे विश्वास. विसंबणे त्याचंच पोर असावं असा माझा अंदाज. निर्धास्त झाला की माणूस दुर्लक्ष करतो, तिथून दुसरा अर्थ फुटला असेल.

कानामात्रा:
आवाज जुळला म्हणून नातं जोडायचं का? आणि अर्थ असा उलटा फिरतो होय?

मधलं पान:
‘निष्काळजी’ बघा की. काळजी नसलेला, तो आज बेफिकीर म्हणून शिव्या खातो.

टोणगा:
निष्काळजीवर वेगळा धागा काढा राव, इथे गर्दी झाली.

काठावरची:
मजकूर गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानातली दोन मुलांची गोष्ट घेतली. बाप दोघांना मळ्यात कामाला जा म्हणतो. एक ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही, दुसरा ‘नाही जात’ म्हणतो आणि मग मळ्यात जातो. खाली लिहिलं, “बापाचं ऐकलं कुणी?” भरवसा ठेवलाय. विसंबणे वगळलं, धीर झाला नाही.

कानामात्रा:
‘बापाचं’ की ‘बापाचे’? छापील मजकुरात ‘चे’ हवं.

जुनी वही:
झालं सुरू.