वडिलांच्या स्मरणाच्या उपासनेत टाळ-पेटी चालेल का?

नेवाशाकडचा

सर्वांना सलाम.

येत्या १४ तारखेला पप्पांना जाऊन वर्ष होतंय. गावी घरीच उपकारस्तुतीची उपासना ठेवलीय. पप्पा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जवळजवळ चाळीस वर्षं पेटी वाजवायचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकाची त्यांची प्रत अजून माझ्याकडे आहे. पाठीला चिकटपट्टी लावलेली, आणि आवडत्या गीतांच्या क्रमांकाभोवती शिसपेन्सिलीनं गोल केलेले. त्या दिवशी ती गोल केलेली गीतं टाळ-पेटीवर म्हणायची असा माझा विचार होता.

पुण्यात नोकरीला आल्यापासून मी एका फेलोशिपमध्ये जातो. माझं तारण तिथंच झालं असं मी मानतो, तेव्हा तिथल्या लोकांबद्दल वाकडं बोलायचं नाहीये. पण पास्टरांना बोलवायला गेलो तर ते म्हणाले, "अभंगाची चाल म्हणजे जुना मनुष्य, ख्रिस्तात येण्याआधीचा. विश्वासी माणसानं टाळ कशाला हातात घ्यायचा? आपली वर्शिप टीम येईल की." कीबोर्ड, ड्रम, हिंदी कोरस. पप्पांना त्यातलं एकही येत नव्हतं.

यावरून एक सांगायचंय. पप्पा आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. फेलोशिपमध्ये मी हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करतो. त्या रात्री बाहेर बाकड्यावर बसलो तर शब्दच फुटेना. "प्रभू" म्हणायचं आणि पुढं नुसतं गप्प. पहाटे तीनच्या सुमारास लक्षात आलं, माझी बोटं मांडीवर ठेका धरतायत आणि ओठांवर पप्पा सभेच्या शेवटी म्हणायचे ते भजन आहे. त्या रात्री तेवढीच प्रार्थना झाली माझ्याकडून.

ती जुन्या मनुष्याची होती की नव्या? वचनाला धरून सांगा, नुसतं "भावना दुखावू नका" नको.

नगरची मावशी

सलाम बाळा. मी तीस वर्षं संडे स्कूल घेतलं, त्यामुळे जरा लांबण लावणार.

टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरदार, नातीगोती, सगळं तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त वाच. एवढी किंमत मोजलेला माणूस स्वतःच सांगायचा की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्याला जुना मनुष्य कशाला म्हणतात हे कळत नव्हतं, असं तुझ्या पास्टरांना म्हणायचंय का?

त्यांच्या आधी आपल्या मंडळ्यांत बरीच गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली. शब्द मराठी, पण चालीच्या ओढाताणीत असे मोडायचे की म्हातारीकोतारी नुसते ओठ हलवायच्या. अभंग-ओवी आली आणि शेतावरून आलेली बाईसुद्धा गाऊ लागली.

वचन हवंय ना? प्रेषितांची कृत्ये १७. पौल अथेनैत उभा राहून ग्रीक कवींची ओळ घेतो, "आपण त्याचेच वंशज", आणि तिच्यावरून पुनरुत्थानापर्यंत जातो. ते कवी विश्वासी नव्हते.

आणि ड्रम-कीबोर्डचा बाप्तिस्मा कधी झाला तेही विचार. पेटीसुद्धा मूळची युरोपातली. मग तुझ्या घरात अस्सल देशी उरतो तो टाळच!

पहिल्या पिढीचा

मावशी, तुमचा मान राखून दुसरी बाजू मांडतो.

आमचं घर वारकरी. वडील माळकरी, आषाढीला घराला कुलूप. मी २०११ ला पाण्यात उतरलो, बाप्तिस्मा घेतला. टाळ वाजला की आजही माझं मन ख्रिस्ताकडे जात नाही, आमच्या ओसरीवर जातं. काकडा, बुक्क्याचा वास, आईचा आवाज. त्यात वाईट काही नाही हो, पण माझी उपासना तिथंच थांबते. दादा, तुम्ही ख्रिस्ती घरात जन्मलात. तुमच्यासाठी टाळ म्हणजे पप्पा. माझ्यासाठी टाळ म्हणजे मी जे सोडून आलो ते.

पंडिता रमाबाईंचंच बघा. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ ला त्या गेल्या, ते १९२४ ला छापून आलं. जुन्या धर्माचा संदर्भ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी त्यात शक्यतो टाळले. टिळकांनी पूल ठेवला, रमाबाईंनी जपून पाऊल टाकलं. दोघंही प्रभूचेच.

माझ्यापुरतं वचन १ करिंथ ८. मूर्तीला दाखवलेलं अन्न खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पण कच्च्या भावाला ठेच लागत असेल तर पौल जपून वागतो. या बाबतीत कच्चा भाऊ मी, हे कबूल. तुमच्या पास्टरांचीही पहिलीच पिढी आहे का? एकदा विचारून बघा. "जुना मनुष्य" ते तुमच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलत असतील.

भाता

धर्मशास्त्र मोठ्यांनी बघावं. वर्षभर पेटी बंद असेल तर आधी उघडा, आत झुरळांनी घर केलेलं असतं. भात्याला पंक्चरचं सोल्युशन लावू नका, घडीवर कडक होऊन पुन्हा फाटतो.

नेवाशाकडचा

भाता, सोल्युशन पप्पांनी आधीच लावून ठेवलंय, दोन ठिकाणी. झुरळं निघाली.

पहिल्या पिढीचे भाऊ, तुमचं वाचून काल पास्टरांकडे गेलो. विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचे आजोबा मृदंग वाजवायचे. हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. वचन ते देतील, भजनाच्या वेळी अंगणात थांबतील. "राग नाही," म्हणाले, "मला जमणार नाही एवढंच." मीही आग्रह केला नाही. वर्शिप टीम येणार नाही.

मावशी, गोल केलेल्यांतल्या एका गीताची चाल कुणालाच आठवेना. गावातल्या एका आजींना फोन लावला. ऐकायला कमी येतं, त्यामुळे क्रमांक तीनदा ओरडून सांगावा लागला. मग त्यांनी दोन कडवी म्हणून दाखवली आणि तिसऱ्याला दम लागला. रेकॉर्ड करून ठेवलंय. आता रोज जेवण झाल्यावर पेटी काढून बसतो, शेजाऱ्यांची माफी मागून.