वहिनीची अक्कलदाढ आणि चौथ्या दिवसाची कळ

भाऊ (भुसावळ), गुरुवार, रात्री ९:४०
ताई, जागी आहेस का? तू दातांची डॉक्टर, म्हणून तुलाच विचारतो. हिची सोमवारी खालची उजवी अक्कलदाढ काढली. आडवी होती म्हणून हिरडी कापून काढावी लागली. काल सूज उतरत होती, गोळ्याही कमी केल्या होत्या. आज दुपारपासून कळ एकदम चढली आहे. कानात जाते म्हणते. स्वयंपाक करून खोलीत जाऊन पडली, मी विचारलं तेव्हा सांगितलं.

चोपडा मावशी
अरे लवंगेचं तेल लाव कापसाने. आणि थोडी मिश्री दाबून धरू दे, कळ लगेच बसते. आमच्याकडे सगळ्या बाया हेच करायच्या.

मामा (जळगाव)
इन्फेक्शन असेल भाच्या. माझ्याकडे अमॉक्सिसिलिनची अर्धी स्ट्रिप उरली आहे, उद्याच्या पॅसेंजरने कोणाच्या हाती पाठवू का? आणि तिला विचार, उसाचा रस स्ट्रॉने प्यायली होती का? पोरी ऐकत नाहीत.

धुळे ताई
थांबा सगळे. मावशी, मिश्री अजिबात नको, लवंगेचं तेलही आत्ता नको. मामा, ती स्ट्रिप तुमच्याकडेच राहू द्या. का ते सांगते, आधी मला हिचं बघू दे.

भाऊ, एवढ्याची उत्तरं दे. ताप आहे का? गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतो का? हनुवटीखाली, गळ्याकडे सूज किंवा कडकपणा आहे का? तोंडात उभी बोटं किती जातात? तोंडाला वास किंवा घाण चव आहे का? आणि सकाळपासून कोणकोणत्या गोळ्या झाल्या, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचून सांग.

भाऊ (भुसावळ)
ताप नाही, ९८.४. गिळता येतं. गळ्याकडे काही नाही. दोन बोटं जातात, मंगळवारी एकच जात होतं. वास आहे, चवही कडू-घाण लागते म्हणते. टॉर्च लावून बघितलं तर तिथे खड्डा आहे, आत रिकामं दिसतं. गोळ्या: डॉक्टरांनी दिलेली आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली तीन वेळा, आणि घरातली पॅरासिटामॉल ६५० दोन वेळा.

धुळे ताई
बरं. ताप नाही, गिळता येतं, गळा मऊ आहे, म्हणजे आत्ता रात्री दवाखान्यात पळायची वेळ नाही. यातलं काहीही बदललं, गिळता येईना किंवा श्वास अडला, तर माझ्या मेसेजची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. मध्यरात्र असली तरी.

मला हे ड्राय सॉकेट वाटतंय. दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. अंगावरच्या जखमेला खपली धरते तसं तिचं काम. तिच्याखाली हाड झाकलेलं असतं आणि तिथूनच जखम भरत येते. ती गुठळी निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. हवा लागली, घास लागला, की कळ मारते, आणि कान, कानशील, अर्धा जबडा सगळीकडे पसरते. बहुतेकदा दोन ते चार दिवसांनी सुरू होतं. सगळ्या प्रकारचे दात धरले तर शंभरात २ ते ५ जणांना होतं, पण खालच्या अक्कलदाढेत त्याहून बरंच जास्त.

वहिनी, तू वाचते आहेस ना? तुझी काही चूक झाली म्हणून हे झालं असं मनात आणू नकोस. स्ट्रॉने ओढणं, जोरात थुंकणं, तंबाखू, याने शक्यता वाढते हे खरं. पण सगळं पथ्य पाळलेल्या बायकांनाही होतं. दाढ काढायला जितकी अवघड, तितकी शक्यता जास्त. काही औषधांनीही फरक पडतो, ते मी तुला वेगळं विचारते.

वहिनी
वाचतेय ताई. मला वाटलं दुखणारच, एवढं कापलंय तर. म्हणून बोलले नाही.

धुळे ताई
हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे, म्हणून ग्रुपवरच लिहिते.

दाढ काढल्यावर दुखतं, मान्य. किती दुखतं हे माणसागणिक वेगळं, दाढेगणिक वेगळं. त्यामुळे 'किती' यावरून काही ठरत नाही. दुखणं कोणत्या दिशेने चाललंय ते बघायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. दुखणंही तसंच उतरणीला लागायला हवं. उतरलेलं दुखणं परत चढलं, तर ते सहन करायचं दुखणं नाही. ते दाखवायचं दुखणं आहे. मग तिसरा दिवस असो की सहावा.

आपल्याकडच्या बाया सोसतात आणि आपण त्यांचं कौतुक करतो. माझ्या खुर्चीवर अशा बाया येतात ज्यांनी आठ-आठ दिवस काढलेले असतात. जे दुखणं अर्ध्या तासात कमी करता आलं असतं, त्यासाठी झोप नाही, जेवण नाही, वर घरातलं सगळं काम. मला फार वाईट वाटतं बघून.

जिजी (नातवाच्या फोनवरून)
काय माय, कितलं दुखी राहिनं व्हई! पोर काही जेवनी का?

भाऊ (भुसावळ)
जिजी, थोडं दही खाल्लं. ताई, आता रात्री काय करू? अजून एक गोळी देऊ का?

धुळे ताई
गोळ्यांचा हिशोब आधी. दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे, नावं वेगळी असली तरी. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, हिच्यासारख्या कमी वजनाच्या बाईला त्याच्या आतच राहिलेलं बरं. तिचं आजचं एकूण त्या मर्यादेत आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची पुढची वेळ झाली की तीच दे, दोन घास खाल्ल्यावर. घरातली ६५० आता वर ठेवून दे.

बाकी: अर्धा ग्लास कोमट पाणी, चिमूट-दोन चिमूट मीठ. तोंडात घ्यायचं, मान तिरकी करून त्या बाजूला आपोआप फिरू द्यायचं आणि बेसिनमध्ये तोंड उघडून पडू द्यायचं. खळखळून चूळ नाही, पिचकारी नाही. उशी दोन घे म्हणावं, डोकं वर राहिलं की ठणका कमी जाणवतो. बर्फ आता नको, तो पहिल्या दीड-दोन दिवसांसाठी असतो. जबडा आखडलाय म्हणून बाहेरून कोमट शेक चालेल.

सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी तिथे हजर राहायचं. फोन करून अपॉइंटमेंट शोधत बसू नका, 'काढलेल्या जागी कळ वाढली आहे' एवढं सांगितलं की घेतात.

मामा (जळगाव)
पण अँटिबायोटिक का नको म्हणतेस? वास येतोय म्हणजे पू असणार.

धुळे ताई
मामा, ड्राय सॉकेटमध्ये वास येतो पण ते पू झालेलं इन्फेक्शन नसतं. उघडं हाड दुखत असतं, त्यावर कॅप्सूल चालत नाही. पू, ताप, वाढत जाणारी सूज असेल तर डॉक्टर देतील, पूर्ण कोर्स देतील. उरलेल्या अर्ध्या स्ट्रिपने ना हिचं दुखणं जाईल, ना जंतू नीट मरतील.

आणि मावशी, तुझं लवंगेचं अगदीच चुकीचं नाही. आम्ही त्या खड्ड्यात जी औषधाची पट्टी ठेवतो तिच्यात बऱ्याचदा युजेनॉल असतं, ते लवंगेतलंच. पण ते मोजून, जखम धुऊन, पट्टीला लावून. बाटलीतलं तेल थेट ओतलं तर आतलं मांस भाजतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जिथे रक्त पोचायला हवं तिथेच पोचत नाही. घडीभर बधिर वाटतं, जखम मात्र मागे जाते.

चोपडा मावशी
बरं बाई. मग माझ्या पोरीची काढली तेव्हा पांढरं पांढरं धरलं होतं, मी कापसाने पुसायला गेले तर डॉक्टर ओरडले. ते काय होतं?

धुळे ताई
ते भरून येणाऱ्या जखमेवरचं आवरण, पांढरट-पिवळट दिसतं आणि पू वाटतं. पुसायचं नाही, काडीने कोरायचं नाही. ओरडले ते बरंच केलं.

भाऊ (भुसावळ), शुक्रवार, सकाळी ११:५०
आलो जाऊन. ड्राय सॉकेटच निघालं. सलाइनने धुतलं, काही काढलं-बिढलं नाही, औषधाची पट्टी आत ठेवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत हिचा चेहरा बदलला होता. आता झोपली आहे. रविवारी पट्टी बदलायला बोलावलंय.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी सूचनांचा कागद मिळाला होता, पण सगळा इंग्रजीत. हिने घडी करून पर्समध्ये ठेवला होता. आज डॉक्टरांना तसं सांगितलं, त्यांनी बसून समजावलं.

धुळे ताई
फार बरं वाटलं. कागद मराठीत हवाच. जखम घेऊन घरी जाणारं माणूस तोंडात कापूस, डोकं सुन्न, अशा अवस्थेत असतं. त्याला तेव्हा सांगितलेलं निम्मंही आठवत नाही. मी आमच्याकडचा मराठी कागद इथे टाकते, फोटो काढून ठेवा.

एक लक्षात ठेव भाऊ. ती पट्टी गॉजची असेल तर आपोआप विरघळत नाही. बरं वाटलं म्हणून रविवारी जायचं टाळलं आणि पट्टी आतच राहिली, तर तीच पुढे कुजते. आत काय ठेवलंय आणि कधी काढायचं, हे विचारून लिहून घे.

वहिनी, दुपारी ४:१५
ताई, झोप झाली. सोमवारनंतर आज पहिल्यांदा नीट झोपले. आता दोन गोष्टी विचारते. खालच्या ओठाला उजवीकडे अजून थोडं बधिर वाटतं, ते काय? आणि पुढच्या आठवड्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे, मला यावलला माहेरी जायचंय. जाऊ का? खायचं काय?

धुळे ताई
ओठाचं आज डॉक्टरांना सांगितलंस का? खालच्या दाढेच्या मुळांखालून ओठाला जाणारी नस जाते. आडवी दाढ काढताना ती ताणली गेली तर ओठ, हनुवटी काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते. बहुतेक वेळा परत येतं. पण रविवारी आवर्जून सांग, म्हणजे त्यांच्याकडे नोंद राहील आणि ते तपासत राहतील. तोवर खूप गरम चहा जपून, ओठ भाजलेला कळणार नाही.

आखाजीला नक्की जा. रविवारची पट्टी झाली की पुढच्या तारखेचं ठरवून जा, यावलहून भुसावळ काही लांब नाही. झोक्यावर बसायला माझी हरकत नाही.

खाण्याचं: आत्ता पातळ खिचडी, कढी, वरणात कुस्करलेली मऊ पोळी, दही, आणि केळं. आपल्या जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला दुसरा पर्याय शोधायचा नाही, कुस्करून चमच्याने खा. फुणके कढीत भिजवून मऊ केले तर चालतील, तिखट कमी. आमरस वाटीने, स्ट्रॉने नाही. आखाजीचे खापरावरचे मांडे दुधात किंवा रसात भिजवून खा, डाव्या बाजूने. कुरडई, बिबडी, भाजलेले शेंगदाणे मात्र हिरडी भरेपर्यंत नाही, तिला तीन-चार आठवडे लागतात. त्याचा एक कण खड्ड्यात अडकला की परत तेच. शेवभाजीही नको, तिखट आहे आणि शेवेचा चुरा आत बसतो.

जिजी (नातवाच्या फोनवरून)
मांडा मी धाडसू.

नाना (शिरपूर)
मलाही डॉक्टरांनी वरची दाढ काढायला सांगितली आहे. स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, शुगरही आहे. ती गोळी आठ दिवस आधी बंद करतो, असं ठरवलंय. आणि वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात, ते खरं आहे का?

धुळे ताई
नाना, गोळी स्वतःहून बंद करायची नाही. स्टेंटवाल्या माणसाने ती अचानक सोडली तर गुठळी हृदयात होऊ शकते. दाढेतून थोडं जास्त रक्त आलं तर आम्ही टाके घालून, गॉज दाबून थांबवू शकतो. हार्टच्या डॉक्टरांना विचारा, ते काय म्हणतात ते लिहून आणा. शुगरचा ताजा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दाताच्या डॉक्टरांसमोर ठेवा. घरात कोणाला हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन देत असतील तर तेही दात काढण्याआधी सांगायचंच, त्याने जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते.

नजरेचं खरं नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. त्या भीतीने लोक किडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात.

दादा (शहादा)
ताई, माझंपण तोंड वर्षभरापासून कमी उघडतं. दोन बोटंही नीट जात नाहीत. अक्कलदाढच असेल ना? वहिनीसारखी काढून टाकतो.

धुळे ताई
दादा, वहिनीचं तोंड दाढ काढल्यावर आखडलं आणि दिवसागणिक उघडतंय. तुझं वर्षभरापासून बंद होत चाललंय, ते वेगळं आहे. तिखट घास झोंबतो का? गाल आतून पांढरट, ताठ लागतात का? गुटखा खातोस हे मला माहीत आहे. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतो हेही माहीत आहे. त्यातल्या सुपारीने तोंडाची आतली कातडी कडक होत जाते, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर व्हायची शक्यता वाढते. मी तुला घाबरवत नाहीये. तू मला हवा आहेस म्हणून स्पष्ट लिहिते. आजपासून पुडी बंद, आणि सोमवारी धुळ्याला ये. मी स्वतः बघते, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवू.

दादा (शहादा)
येतो ताई. सकाळच्या एसटीने निघतो.

धुळे ताई
दहापर्यंत पोच. उपाशी येऊ नकोस, आणि आधीचे काही एक्स-रे असतील तर घेऊन ये.