रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राला लक्ष्य कसं सापडतं?

परळकर: ‘मिलान’ क्षेपणास्त्राला मागे तार असते, ‘नाग’ला नसते. मग ‘नाग’ नेम कसा धरतं?

यंत्रवेध: मिलानमध्ये नेम माणूस धरतो. तो दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर ठेवतो. क्षेपणास्त्राच्या शेपटीकडचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश पाहून लाँचर ते किती भरकटलं ते मोजतो आणि तारेतून दुरुस्ती पाठवतो. खरी अडचण वेळेची आहे. 2 किमीला साधारण 12 सेकंद लागतात, तेवढा वेळ फुली रणगाड्यावरून हलता कामा नये. समोरून गोळीबार सुरू झाला की नेमकं तेच बिघडतं.

नागच्या नाकात उष्णता पाहणारा कॅमेरा आहे. डागण्याआधीच लक्ष्य ‘लॉक’ करायचं, पुढे ते स्वतः पाठलाग करतं. पल्ला 4 किमी, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या लांबीहून थोडा जास्त.

परळकर: मग हे चुकतं कधी?

यंत्रवेध: पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास. तेव्हा रणगाडा आणि आसपासची जमीन जवळपास सारख्याच तापमानाला येतात, चित्रात फरक उरत नाही. इंजिन बराच वेळ बंद असेल तर आणखी कठीण.

तांबडीमाती: एक भर घालते. स्फोटाने चिलखत ‘वितळतं’ हा गैरसमज कृपया सोडा. क्षेपणास्त्रातल्या स्फोटक भाराला असलेलं तांब्याचं शंकूसारखं अस्तर स्फोटाने आत चेपलं जातं, त्याची सेकंदाला काही किलोमीटर वेगाची बारीक धार बनते आणि प्रचंड दाबाने पोलाद बाजूला सारते. रणगाड्यावर बाहेरून स्फोटक विटांचं कवच असेल तर ती धार विस्कटते, म्हणून क्षेपणास्त्रात पुढे आणखी एक छोटा स्फोटक भार असतो. तो आधी वीट उडवतो, मग मुख्य भार. रणगाड्याचं छत समोरच्या चिलखतापेक्षा बरंच पातळ, म्हणून नागची वरून झेप.