निसर्ग वादळानंतर गाव कसं उभं राहिलं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा दापोली-मंडणगडपासून मुरूड-अलिबागपर्यंत सगळं झोडपून गेला. पंचनामे आणि भरपाई यांवर तेव्हा पुष्कळ लिहून आलं. पण मृग तोंडावर, घरावर छप्पर नाही, वीज नाही, फोन नाही, त्यात लॉकडाऊन, अशा वेळी बाहेरची मदत यायच्या आधी लोकांनी एकमेकांसाठी जे केलं ते फारसं कुठे आलं नाही. ते इथे यावं असं मनापासून वाटतं. नावं नकोत. काय केलं, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, एवढं मात्र नेमकं लिहा. पुढच्या वादळात ते कोणाच्या तरी कामी येईल.

दापोली तालुक्यातून

वारा पडल्यावर बाहेर आलो तर रस्ता कुठे आहे तेच कळेना. माड, फणस, विजेचे खांब, तारा, सगळं एकावर एक पडलेलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रत्येक वाडीतली माणसं कोयते, कुऱ्हाडी, करवती घेऊन आपापल्या दारापासून मुख्य रस्त्याच्या दिशेने तोडत निघाली. कोणी निरोप धाडला नव्हता. आधी एक गाडी जाईल एवढीच वाट करायची, ओंडके मागाहून हलवायचे, असं एका वयस्कर काकांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ते ऐकलं. वरच्या वाडीतल्या एका सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून तिकडची वाट सगळ्यात आधी. तारा दिसल्या की वायरमन पुढे, बाकी सगळे मागे. दिवस मावळायच्या आत मोटरसायकल जायला लागली.

श्रीवर्धन तालुक्यातून, एक शिक्षिका

आमच्याकडे हाल झाले ते पाण्याचे. विहिरीत पाणी होतं, पण पंप आल्यापासून रहाट कोणी ठेवलेच नव्हते आणि वीज तर महिनाभर आली नाही. मांडववाल्याकडे जनरेटर होता. तो हातगाडीवर चढवून आळीआळीतून फिरवला आणि घरोघरच्या टाक्या भरल्या. डिझेलसाठी वर्गणी काढली. मालकाने भाड्याचा एक रुपया घेतला नाही, आणि त्या वर्षी त्याचा लग्नाचा सगळा हंगाम लॉकडाऊनमध्ये बुडाला होता, हे आवर्जून सांगते.

दुसरी अडचण पिठाची. रेशनचे गहू घरात, पण गिरणी बंद. माळ्यावर पडलेली दोन जाती खाली काढली. खुंटा नव्हता, तो एका दादांनी बसवून दिला. आमच्या पिढीच्या बायकांना दळायची सवय नाही, तेव्हा सत्तरीच्या आजी शेजारी बसून शिकवायच्या. आळीतल्या सगळ्यांचं दळण त्या दोन जात्यांवर झालं. 5 तारखेला वटपौर्णिमा होती. सरपण भरपूर, पण सगळं ओलं. तरी उपास असलेल्या बायकांनी देवळाच्या सभामंडपात सामायिक चुलीवर सगळ्यांसाठी भात रांधला.

शाळेत विलगीकरणात होतो, मुंबईहून आलेला

गाव आम्हाला घाबरून होतं. जेवणाचा डबा फाटकाबाहेर ठेवून लोक लांब उभे राहायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. वादळात शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा समोरच्या वहिनी भर पावसात दारात येऊन ओरडल्या, "आधी जीव वाचवा, रोगाचं मग बघू. आत या सगळे!" आमच्यात एक फॅब्रिकेशनवाला होता, एक प्लंबर, दोघं रंगारी. पुढचे कितीतरी दिवस तोंडाला रुमाल बांधून आम्ही छपरांवरच होतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं आधी घेतली.

पुण्याहून

आमच्या गटाने ठरवलं होतं, गावाने मागितल्याशिवाय काही पाठवायचं नाही. फोन लागत नव्हते. एक गुरुजी रेंज मिळेपर्यंत घाट चढून जायचे आणि यादी पाठवायचे. यादीत होतं: ताडपत्र्या, पत्र्यांचे हूक, खिळे, सुतळी, मेणबत्त्या, सौर दिवे, बीपी-शुगरच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड. जुने कपडे एकाही यादीत नव्हते. देणाऱ्यांना नाही म्हणताना वाईट वाटायचं, पण ओल्या गावात कपड्यांचे ढीग कुजतात.

कळकळीने सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. मदतीच्या गाड्या डांबरी रस्त्यावर थांबतात. रस्त्यालगतच्या घरांना दोनदोनदा किट मिळतं आणि डोंगरातल्या कातकरी वाडीला एकदाही नाही. आम्ही गावातल्या पोरांना सोबत घेऊन आधी शेवटच्या वाडीत जायचो आणि मग वाटत खाली यायचो.

ग्रेनाडाहून, वैद्यकीय विद्यार्थी

विषय कोकणाचा आहे, तरी लिहितो. 1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या देशाच्या कॅरिआकू नावाच्या छोट्या बेटावर धडकलं. अर्ध्या तासात कॅरिआकू सपाट झालं, असं पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले. त्या बेटावर नदी नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि वर्षभर वापरायचं. छप्पर गेलं म्हणजे पाणीही गेलं. मुख्य बेटावरचे लोक आपापल्या बोटींत पाणी आणि ताडपत्र्या भरून निघाले. आम्ही विद्यार्थी धक्क्यावर माल चढवायला जायचो. ताडपत्री मिळाली की तिकडची माणसं ती अशी उताराने बांधायची, की तिच्यावरचं पाणी थेट टाकीत पडावं.

वाडीवाला

आमची रोठा सुपारीची वाडी आजोबांनी लावलेली. उभी पोफळ बोटावर मोजण्याएवढी राहिली. सरकारने तेव्हा फळबागांची मदत हेक्टरी 50,000 केली, पण आमच्या वाड्या गुंठ्यांतल्या आणि गुंठ्याला पडले 500 रुपये. पडलेली झाडं उचलायची मजुरीही त्यात निघाली नाही. भावकीने मिळून एकेक वाडी साफ केली, आज माझी, उद्या तुझी. ज्या चुलतभावाशी आमची बांधावरून बोलाचाली नव्हती, तोही कोयता घेऊन आला. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. रोपं लावली आहेत.

गिरगावातून, ग्रामस्थ मंडळ

तेव्हा गावाचा फोन दोन-तीन दिवस लागत नव्हता आणि इथे खोल्याखोल्यांतून रडारड चालली होती. नंतर मंडळाने त्या वर्षीच्या गणपतीचा खर्च कमी करून गावासाठी एक जनरेटर, झाडं तोडायची दोन मशीन आणि मोठे दोर घेतले. सामान देवळाच्या खोलीत असतं, किल्ली दोन घरांत. दर मे महिन्यात एकदा सगळं चालू करून बघायचं आणि डिझेल भरून ठेवायचं, असा ठराव आहे. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हा रस्ता त्याच संध्याकाळी मोकळा झाला. आणखी कुठल्या गावाला अशी सोय करायची असेल, तर खर्चाचा हिशेब आणि ठरावाची प्रत द्यायला आम्ही तयार आहोत.