मदत हवी आहे: आयसीएसची (इंडियन सिव्हिल सर्व्हिसची) परीक्षा आणि ऑक्सफर्डचं वजन

मंडळी, १८५५ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरायला संचालकाची चिठ्ठी लागायची, मग हेलीबरी हे कंपनीचं इंग्लंडमधलं प्रशिक्षण कॉलेज. म्हणजे सरळ वशिला. मेकॉलेच्या समितीने तो मोडून स्पर्धापरीक्षा आणली. पण त्याच समितीत ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे बेंजामिन जॉवेट बसलेले! ऑक्सफर्डात शिकवल्या जाणाऱ्या ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृतला जेमतेम ३७५. वशिला गेला की फक्त दार बदललं?

१८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींबरोबर आपले श्रीपाद बाबाजी ठाकूरही उत्तीर्ण झाले. त्यांनी तयारी कशी केली, कोणते विषय घेतले, यावर मराठीत काही वाचलंय का कुणी? जुन्या मासिकातला लेखही चालेल. विकिपीडिया पाहून झालाय, कृपया तो नको.